कंठ, कागद आणि पडदा : अण्णाभाऊ साठे यांची कारकीर्द

१/
डफावर थाप पडताच उघडे मैदान गप्प करणारा शाहीर, तीसहून अधिक कादंबऱ्यांचा लेखक आणि ज्याच्या साहित्यावर सात मराठी चित्रपट निघाले असा कथाकार. या तिन्ही ओळखी एकाच माणसाच्या आहेत : अण्णाभाऊ साठे. त्यांची छायाचित्रे चौकाचौकांत दिसतात. पण त्यांनी एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात केलेल्या प्रवासाची चर्चा फार होत नाही. आजचा धागा त्या प्रवासाबद्दल. प्रश्न साधा आहे. गोष्ट गळ्यातून कागदावर आणि कागदावरून पडद्यावर जाते, तेव्हा ती सांगणाऱ्याचा तिच्यावरचा अधिकार किती उरतो?

२/
तुलनेसाठी आधी एक परदेशी उदाहरण. अब्द अल मलिक हा फ्रेंच रॅपर. काँगोतून आलेल्या कुटुंबात १९७५ मध्ये पॅरिसला त्याचा जन्म झाला. तो वाढला स्ट्रासबुर्ग शहराच्या नॉयहोफ या गरीब वस्तीत. तिथे भावा-मित्रांसोबत त्याने रॅपचा गट काढला. २००४ मध्ये आत्मकथन लिहिले आणि २०१४ मध्ये त्याच आत्मकथनावर स्वतःच कृष्णधवल चित्रपट दिग्दर्शित केला. वस्तीतला मुलगा, मग गायक, मग लेखक, मग दिग्दर्शक. प्रत्येक पायरीवर गोष्ट त्याच्याच हातात राहिली. अण्णाभाऊंची वाट अशीच सुरू झाली. शेवट मात्र वेगळा झाला.

३/
तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. तालुका वाळवा, तेव्हाचा सातारा जिल्हा, आजचा सांगली. घर मातंग समाजातले. पुढे जग त्यांना ‘अण्णाभाऊ’ या नावाने ओळखू लागले. योगायोगाची नोंद म्हणून : १ ऑगस्ट हाच पालघर जिल्ह्याच्या निर्मितीचा दिवस (२०१४). वसई-विरारमध्ये त्या तारखेला दोन वेगवेगळ्या कारणांनी फलक लागतात, त्याचे कारण हे.

४/
त्यांच्या जन्माचा काळ समजण्यासाठी एक कायदा ठाऊक हवा. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती कायदा’ आणला. पुढे १९११ मध्ये त्याचा विस्तार सर्व ब्रिटिश हिंदुस्थानावर झाला. या कायद्याने एखाद्या जमातीत जन्मणे हाच संशयाचा आधार ठरवला. नावांची नोंद, पोलिसपाटलाकडे हजेरी, परवानगीविना गाव सोडण्यास मनाई. गुन्हा केला की नाही हा प्रश्न नंतरचा. माणूस कागदावर आधीच गुन्हेगार. हा कायदा रद्द होण्यास १९५२ उजाडले. अण्णाभाऊंच्या लेखनातला राग कोठून आला, हे कळण्यासाठी ही पार्श्वभूमी पुरेशी आहे.

५/
शाळा त्यांना लाभली ती अवघी दीड दिवस. जातीवरून मिळालेल्या वागणुकीने ती तिथेच संपली. १९३१-३२ च्या सुमारास दारिद्र्यामुळे साठे कुटुंब वाटेगाव सोडून मुंबईकडे निघाले, तेही पायी, वाटेत मिळेल ते काम करत. आज सांगलीहून रात्री बसमध्ये बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो. या कुटुंबाला त्याच अंतरासाठी कित्येक महिने लागले. कादंबरीकार होण्याच्या कितीतरी आधी त्या मुलाने महाराष्ट्राची रुंदी पायांनी मोजली होती.

६/
मुंबईत पडेल ते काम : कोळसा उचलणे, हमाली, फेरी, गिरणीतली मजुरी. अक्षरओळख झाली ती रस्त्यावर. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचत ते अक्षरे जुळवू लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याच्या नावाची भित्तिपत्रके पुढे मुंबईच्या भिंतींवर लागायची होती, त्या मुलाला वाचायला शिकवण्यात अशाच भित्तिपत्रकांचा वाटा होता.

७/
कलेची शाळा मात्र घरातच होती. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. गावी परतल्यावर तरुण अण्णाभाऊ त्या फडात उभे राहिले. पाठांतर जबरदस्त, आवाज खणखणीत, हजरजबाबीपणा अंगचा. तमाशा तेव्हा पांढरपेशा समाजात हीन समजला जाई. पण शेकडो माणसांना रात्रभर जागे ठेवण्याचे तंत्र त्याच्याकडे होते. अण्णाभाऊ ते तंत्र शिकले. पुढची पंचवीस वर्षे हीच त्यांची पुंजी ठरली.

८/
दुसरी शाळा म्हणजे माटुंग्याची लेबर कॅम्प वस्ती. सफाई कामगार, गिरणी कामगार, गावाकडून आलेले बेघर मजूर आणि त्यांच्यात काम करणारे कम्युनिस्ट कार्यकर्ते. तिथे त्यांनी आरंभी रचलेल्या काव्यांत वस्तीतल्या डासांवरचे गाणे होते, असे सांगितले जाते. विषय क्षुल्लक वाटेल. पण राजे-सरदारांच्या पराक्रमासाठी राखून ठेवलेला पोवाड्याचा बाज कामगाराच्या झोपमोडीकडे वळवणे ही लहान गोष्ट नव्हती.

९/
मग विषयांचा विस्तार झाला. स्पेनचे यादवी युद्ध, बंगालचा दुष्काळ, स्टालिनग्राडची लढाई. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत रचला गेला आणि त्याचे रशियन भाषांतरही झाले. वाटेगावच्या माणसाने व्होल्गाकाठची लढाई गिरणगावात उभी केली. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या हजारो कामगारांना जगाची बातमी पोवाड्यातून कळत होती. त्या काळात शाहीर हा एका अर्थाने बातमीदारही होता.

१०/
१९४४ मध्ये ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन झाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे तिघे त्याचे आधारस्तंभ. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. हे त्रिकूट एका फळीवर उभे राहिले की सभेला वेगळ्या वक्त्याची गरज उरत नसे. डफ, तुणतुणे, झांज आणि चार-पाच माणसे एवढेच भांडवल. म्हणूनच ते गावोगाव जाऊ शकले. परवानगी नाकारली तरी गाणे पुढच्या गावात होई.

११/
पालघर जिल्ह्यातल्या वाचकांसाठी एक संदर्भ. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणू-उंबरगाव पट्ट्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. तो लढा किसान सभेच्या लाल बावट्याखाली झाला. कलापथकाच्या नावातला बावटा तोच. एकीकडे जंगलात वेठ नाकारली जात होती, दुसरीकडे गिरणगावात तीच भाषा गाण्यात उतरत होती. १९४० च्या दशकातल्या श्रमिक महाराष्ट्राचे चित्र या दोन्ही बाजू शेजारी ठेवल्याशिवाय पूर्ण होत नाही.

१२/
अण्णाभाऊंनी तमाशात नेमके काय बदलले? परंपरेने क्रम असा : गण, गौळण, बतावणी, लावणी, वग. गणात गणपतीचे स्तवन असते. अण्णाभाऊंनी तिथे मातृभूमीला, शिवरायांना आणि कष्टकऱ्यांना वंदन आणले. गौळण गाळली. सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी मात्र राखली आणि तिचा रोख सावकार, शेठ व मंत्री यांच्याकडे वळवला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. साचा जुना, आशय नवा.

१३/
स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले आणि लाल बावटा कलापथकाच्या प्रयोगांवरही गदा आली. त्यावर अण्णाभाऊंची युक्ती साधी होती. बंदी तमाशाला असेल तर आम्ही ‘लोकनाट्य’ करू. हा शब्द रुळला, टिकला आणि आज नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात आहे. या बदलाने तमाशाला प्रतिष्ठा मिळाली हे खरे. मात्र तो शब्द जन्मला तो बंदीला वळसा घालण्याच्या गरजेतून, हेही तितकेच खरे.

१४/
शाहीर म्हणून त्यांचे शिखर म्हणजे ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. वरवर पाहता मुंबईला पोटासाठी आलेल्या नवऱ्याचा विरह. हळूहळू उलगडते की गावी राहिलेली मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहू पाहणारा मराठी मुलूख. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे तीत येतात. विरहगीतातून राजकीय मागणी करणे ही या रचनेची ताकद. मुंबईतल्या प्रत्येक चाकरमान्याच्या घरी एक मैना होतीच. त्यामुळे मागणी समजावून सांगावी लागली नाही.

१५/
यातले उंबरगाव नीट पाहा. तो तेव्हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि त्याचा बराच भाग गुजरातकडे गेला. विरारहून डहाणूच्या दिशेने जाणारी गाडी घोलवडनंतर राज्याची सीमा ओलांडते, ती सीमा तेव्हाची. वसई-विरारकरांसाठी ‘मैना’ हे दूरच्या बेळगावचेच गाणे नाही; ते याच रेल्वेमार्गावरच्या एका स्थानकाचेही गाणे आहे.

१६/
आता कागदाकडे. गाणे मैदानात विरते. कलापथकावर बंदी आली की शाहिराचा आवाजच बंद होतो. कथा-कादंबरी हे त्यावर उत्तर होते. शिवाय पोटाचा प्रश्न होताच. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून अण्णाभाऊंनी झपाट्याने लिहिले : तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये, प्रवासवर्णन. ‘चित्रा’, ‘वैजयंता’, ‘वारणेचा वाघ’, ‘माकडीचा माळ’, ‘चिखलातील कमळ’, ‘आवडी’, ‘अलगूज’ ही त्यांतली काही नावे. हा वेग समीक्षकांना खटकला. अतिरंजित, नाट्यमय अशी टीका झाली. ती काही पुस्तकांबाबत खरीही आहे.

१७/
मात्र ‘स्मशानातील सोनं’ वाचल्यावर ही टीका अपुरी वाटते. वारणाकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. उपाशी कुटुंबासाठी तो मेलेल्यांच्या राखेतून आणि गाडलेल्या प्रेतांवरून सोने शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते आणि प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. पण पहार धरायला आता बोटे नाहीत.

१८/
या कथेत लेखक एकदाही भाषण करत नाही. बेकारी म्हणजे काय, याची व्याख्या भीमाच्या हातावर लिहिलेली आहे. दृश्यरचना पाहा : अंधार, राख, हिरवे डोळे, जबडा. वाचकाला प्रसंग दिसतो. तमाशाच्या फडात शेवटच्या रांगेपर्यंत प्रसंग पोहोचवण्याची सवय इथे गद्यात उतरली आहे. सिनेमावाल्यांना अण्णाभाऊ का हवेसे वाटले असतील, याचे एक उत्तर या दृश्यमयतेत सापडते.

१९/
१९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. वारणेच्या खोऱ्यातला मातंग तरुण, दुष्काळात उपाशी मरणारी वस्ती, धान्याची आणि सरकारी खजिन्याची लूट, आणि शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी फकिराने इंग्रजांच्या स्वाधीन होणे. सरकारी दप्तरात जो गुन्हेगार, तो कादंबरीत नायक झाला. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला आहे. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘फकिरा’ कशी वाचावी? ती साधनग्रंथ नाही. तीत दंतकथा, स्मृती आणि कल्पना एकत्र आहेत. परंतु गुन्हेगार जमाती कायद्याबद्दल पोलीस अहवाल जे सांगत नाहीत, ते ती सांगते : हजेरीला उभे राहणाऱ्या माणसाला काय वाटत असे. दप्तर राज्यकर्त्याचे असते. ज्यांची नावे त्यात फक्त संशयित म्हणून आली, त्यांच्या बाजूची नोंद बहुधा अशाच लेखनात उरते. एवढा सावधपणा ठेवला, तर कादंबरीही दप्तराला प्रश्न विचारू शकते.

२१/
त्याआधी, २ मार्च १९५८ रोजी, मुंबईत दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक अण्णाभाऊ. पृथ्वी शेषनागाने तोलून धरल्याची पुराणकथा बाजूला सारून त्यांनी ती दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी असल्याचे सांगितले. मार्क्सवादी कार्यकर्ता आंबेडकरी मंचावर उभा होता. पुढे या दोन विचारांच्या अनुयायांनी त्यांच्यावरच्या हक्कासाठी बरेच वाद घातले. स्वतः अण्णाभाऊंच्या लेखनात मात्र भूक आणि जात वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत.

२२/
१९६१ हे वर्ष विलक्षण होते. ‘फकिरा’ला पुरस्कार, सोव्हिएत रशियाचा दौरा (त्यातून ‘माझा रशियाचा प्रवास’), आणि ‘वैजयंता’ हा त्यांच्या कादंबरीवरचा चित्रपट. दिग्दर्शक गजानन जागीरदार, नायिका जयश्री गडकर. सिनेमा त्यांना परका नव्हताच. १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’ या नाट्यचळवळीत ते होते आणि पुढे तिच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. ख्वाजा अहमद अब्बास, बलराज साहनी यांसारखी सिनेमातली माणसे याच चळवळीतली.

२३/
तरीही मराठी सिनेमाने अण्णाभाऊंना ज्या वेळी जवळ केले, ती वेळ महत्त्वाची आहे. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. तमाशापटाला पैसा आहे, हे सिद्ध झाले. निर्मात्यांना पाटील, फड, लावणी आणि सूड हवे होते. अण्णाभाऊंना हे जग आतून ठाऊक होते. बाजाराला त्या जगाचा रंग हवा होता. अण्णाभाऊंना त्यातला अन्याय सांगायचा होता. दोन्ही गरजा काही अंतर एकत्र चालल्या.

२४/
१९६३ मध्ये ‘फकिरा’ पडद्यावर आला. दिग्दर्शन कुमार चंद्रशेखर यांचे. त्यानंतर काही वर्षे खंड पडला. मग १९६९ मध्ये तीन चित्रपट, १९७० मध्ये एक, १९७४ मध्ये एक. आता शीर्षके शेजारी ठेवून पाहा :
आवडी : टिळा लावते मी रक्ताचा
माकडीचा माळ : डोंगरची मैना
चिखलातील कमळ : मुरली मल्हारीरायाची
अलगूज : अशी ही साताऱ्याची तऱ्हा
‘वैजयंता’, ‘फकिरा’ आणि ‘वारणेचा वाघ’ तेवढे मूळ नावाने आले. सातांपैकी चार नावे बदलली.

२५/
नाव बदलणे हा गुन्हा नव्हे; सिनेमात ते नेहमीच होते. पण बदलाची दिशा काही सांगते. ‘माकडीचा माळ’ हे भटक्या-विमुक्तांच्या पालांचे, जागेचे नाव. ‘डोंगरची मैना’ हे नायिकेकडे वळलेले नाव. ‘अलगूज’ या एका शब्दाच्या जागी आलेले शीर्षक तिकीटखिडकीवर हसू आणणारे. वस्तीचे वास्तव मागे सरकते आणि फडाचा ठसका पुढे येतो. ज्या तमाशाला अण्णाभाऊंनी लोकनाट्य केले होते, त्याला सिनेमाने पुन्हा तमाशाच्या चौकटीत बसवले, असे म्हटल्यास फारसे चूक ठरणार नाही.

२६/
याचे कारण कुणा एका माणसाचा लोभ नाही. माध्यमाचे अर्थकारण आहे. पोवाड्याला डफ लागतो. कादंबरीला प्रकाशक लागतो. चित्रपटाला निर्माता, वितरक, चित्रपटगृह आणि सेन्सॉर लागतात. माध्यम जितके मोठे, तितके भांडवल अधिक; आणि भांडवल ज्याचे, अखेरचा शब्द त्याचा. मैदानात अण्णाभाऊ लेखक, दिग्दर्शक आणि नट तिन्ही होते. पडद्याच्या पांढऱ्या चौकोनात ते श्रेयनामावलीतली एक ओळ झाले.

२७/
१८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये त्यांचे निधन झाले. वय ४९ सुद्धा पुरे नव्हते. अखेरचा काळ आजारपणाचा, एकाकीपणाचा आणि ओढगस्तीचा. सातांपैकी पाच चित्रपट त्या वर्षातले किंवा नंतरचे. पुढच्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. गिरणगावाला जागे ठेवणारे दोन आवाज दीड महिन्याच्या आत थांबले.

२८/
सन्मान नंतर आले. १९८५ मध्ये त्यांच्या नावाचे विकास महामंडळ, २००२ मध्ये टपाल तिकीट, २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात पुतळा. हे सर्व योग्यच. मात्र पुतळा लेखकाला उंच नेतो आणि वाचकापासून दूरही नेतो. ‘फकिरा’ची मुखपृष्ठे ओळखणारे पुष्कळ आहेत, ‘स्मशानातील सोनं’ मुळातून वाचलेले त्या मानाने थोडे.

२९/
अब्द अल मलिकला जे साधले, ते अण्णाभाऊंना का साधले नाही? प्रतिभेचा फरक हे उत्तर नाही. एकविसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये वस्तीतल्या मुलाच्या हाती कॅमेरा येण्याइतक्या वाटा तयार झाल्या होत्या. १९६० च्या दशकातल्या मराठी सिनेमात मातंग वस्तीतल्या माणसाला कथा विकता येत होती. चित्रपट उभारण्याइतके भांडवल त्याच्या आवाक्यात नव्हते. ही दरी भरायला आपल्याकडे अर्धे शतक लागले.

३०/
अर्धे शतक हा आकडा मोजून काढलेला आहे. पडद्यावरचा ‘फकिरा’ १९६३ चा. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ चा. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा हा कवी. आधी कविता, मग कॅमेरा. ‘फँड्री’तला जब्या ज्या नजरेने गावाकडे पाहतो, ती नजर मराठी पडद्याला नवी वाटली. मराठी साहित्याला ती नवी नव्हती. फकिराने आणि भीमाने तीच नजर आधी रोखलेली होती. या वेळी कॅमेऱ्यामागेही ती होती, एवढाच फरक. आणि तो फार मोठा आहे.

३१/
वाचायला सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवावा : आधी ‘स्मशानातील सोनं’, कारण ती एका बैठकीत संपते. मग ‘फकिरा’. मग ‘माझी मैना’ ऐकावी, आणि ऐकताना महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवावा. चित्रपट शेवटी पाहावेत. पुस्तकातले काय पडद्यावर आले आणि काय वाटेत गळले, याची यादी प्रत्येकाने स्वतः करावी. इतिहासाचे शिक्षण पुष्कळदा अशा गळालेल्या गोष्टींच्या यादीपासूनच सुरू होते.

(धागा समाप्त)